जेव्हीसी डीएलए-एनझेड८ : काळ्या रंगासाठी मोजलेली किंमत

जेव्हीसीने सप्टेंबर २०२१ मध्ये घरगुती प्रोजेक्टरांची नवी लेझर मालिका जाहीर केली, तेव्हा तिच्यात एनझेड७, एनझेड८ आणि एनझेड९ अशी तीन यंत्रे होती आणि अमेरिकेतील त्यांच्या किमती अनुक्रमे सुमारे ११ हजार, १६ हजार आणि २६ हजार डॉलर होत्या. हे परीक्षण त्यांतील मधल्या यंत्राचे, म्हणजे एनझेड८चे आहे. जपानमध्ये हाच प्रोजेक्टर कंपनीच्या जुन्या ‘व्हिक्टर’ या नाममुद्रेखाली डीएलए-व्ही८०आर म्हणून विकला गेला आणि अमेरिकेत त्याला आरएस३१०० असे दुसरेही नाव होते; परदेशातील नातेवाइकांकरवी किंवा आयातदाराकडे चौकशी करणाऱ्याने ही सारी नावे एकाच यंत्राची आहेत हे लक्षात ठेवावे. २०२४ मध्ये एनझेड८०० हा त्याचा उत्तराधिकारी बाजारात आला, त्यामुळे एनझेड८ आता नवा राहिलेला नाही. तरीही त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण महागड्या होम थिएटर प्रोजेक्टरमध्ये पैसे नेमके कशासाठी मोजावेत आणि कशासाठी मोजू नयेत, हे या एका यंत्राच्या चित्रात फार स्पष्ट दिसते.

यंत्राच्या पोटात लाल, हिरवा आणि निळा या रंगांसाठी ०.६९ इंचाचे तीन स्वतंत्र डी-आयएलए (जेव्हीसीचे प्रकाश परावर्तित करणारे एलसीडी) पॅनेल आहेत आणि प्रत्येक पॅनेलवर ४०९६ गुणिले २१६० इतके खरेखुरे पिक्सेल आहेत. प्रकाश निळ्या लेझर डायोडांचा असून तो फॉस्फरवर पाडून उरलेले रंग मिळवले जातात. कंपनीने जाहीर केलेली प्रखरता २५०० ल्युमेन, लेझरचे आयुष्य २०,००० तास आणि मूळ कॉन्ट्रास्ट (लेझर मंद न करता पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या फ्रेममधील प्रकाशाचे गुणोत्तर) ८०,०००:१ आहे. परीक्षणाच्या खोलीत १२० इंच कर्णाचा, १.० गेनचा (गेन म्हणजे पडद्याचे प्रकाश परतवण्याचे प्रमाण) पांढरा मॅट पडदा होता, भिंती आणि छत गडद करड्या रंगात रंगवलेले होते आणि पडद्याच्या आसपासचा भाग काळ्या मखमलीने झाकलेला होता. खोलीचा हा तपशील मुद्दाम नोंदवला आहे, कारण खोली बदलली की पुढची बरीचशी विधाने बदलतील.

सुरुवात काळ्या रंगापासूनच करायला हवी, कारण या प्रोजेक्टरची खरी मिळकत तीच आहे. प्रोजेक्टर पडद्यावर प्रकाश टाकू शकतो, पण अंधार टाकू शकत नाही. चित्रातील जो भाग काळा दिसायला हवा तेथेही थोडा प्रकाश गळतोच आणि ही गळती किती कमी आहे यावर चित्राची खोली ठरते. एक चिपच्या बहुतेक डीएलपी (सूक्ष्म आरशांनी चित्र घडवणाऱ्या) प्रोजेक्टरांत पूर्ण पांढरी फ्रेम आणि पूर्ण काळी फ्रेम यांच्यातील मूळ गुणोत्तर हजार-दोन हजारांच्या आसपास असते. पडद्यावर १४५ निट (निट हे उजळपणाचे एकक) इतका पांढरा रंग मिळत असेल, तर २०००:१ कॉन्ट्रास्टच्या यंत्रावर काळा रंग ०.०७ निट येतो आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो उघडच करडा दिसतो. एनझेड८चा ८०,०००:१ हा आकडा आयरिस (प्रकाश अडवणारी लेन्समधील झडप) मिटलेले असताना आणि लेन्सचा झूम लांब पल्ल्याकडे असताना मिळणारा आहे, त्यामुळे आयरिस पूर्ण उघडून जास्तीत जास्त प्रकाश घेतल्यास प्रत्यक्ष गुणोत्तर बरेच खाली येते. पण खाली येऊनही ते डीएलपीच्या कित्येक पट राहते आणि रात्रीच्या दृश्यात हा फरक समजायला कोणत्याही मापनयंत्राची गरज पडत नाही. सिनेमास्कोप म्हणजे अतिरुंद चित्रपटाच्या वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्या मखमलीच्या चौकटीत जवळजवळ विरघळून जातात. विहिरीत कंदील सोडल्यासारखे एखादे दृश्य असेल, तर कंदिलाची ज्योत, ओल्या दगडांवरची चमक आणि खालचे पाणी हे तीन वेगवेगळ्या अंतरांवर असल्याचे जाणवते. स्वस्त प्रोजेक्टरवर तेच दृश्य एका करड्या पडद्याआड गेल्यासारखे सपाट होते.

मात्र काळोखाच्या या कौतुकाला एक मर्यादा आहे आणि विक्रेते ती सहसा सांगत नाहीत. पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या फ्रेमची तुलना ही टोकाची तुलना झाली. एकाच फ्रेममध्ये उजळ आणि गडद भाग शेजारी शेजारी आले, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना पडद्यावर टाकला, की गुणोत्तर काही शेंवर येते, कारण लेन्समध्ये आणि काचांच्या पृष्ठभागांवर प्रकाश विखुरतो. या कसोटीवर चांगला डीएलपी प्रोजेक्टर जेव्हीसीला मागेही टाकू शकतो. म्हणून दिवसाउजेडातील दृश्ये, जाहिराती, कार्टून किंवा बातम्या पाहताना एनझेड८चा दिमाख तितकासा जाणवत नाही. ज्याच्या घरी बहुतेक वेळ अशीच उजळ दृश्ये चालतात, त्याने एवढा खर्च करण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

आता एचडीआरकडे, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला नोंदवणाऱ्या चित्राकडे वळू, कारण २०२१ नंतरच्या कोणत्याही प्रोजेक्टरची खरी परीक्षा तेथे होते. चित्रपटगृहातील साध्या प्रक्षेपणासाठी पडद्यावरील पांढऱ्या रंगाचे प्रमाण ४८ निट असे ठरलेले आहे. एचडीआर चित्रपट मात्र १००० किंवा ४००० निटच्या मॉनिटरवर तयार होतात आणि त्यांतील संकेताला निटमधील निश्चित अर्थ असतो. आपल्या १२० इंची पडद्याचे क्षेत्रफळ जेमतेम ४ चौरस मीटर आहे. रंगांचे कॅलिब्रेशन (मोजून केलेली जुळणी) झाल्यावर यंत्रातून समजा १८०० ल्युमेन मिळाले, तर पडद्यावर सुमारे १४५ निट येतात. हजारो निटांचा संकेत १४५ निटांत बसवायचा म्हणजे काहीतरी कापावे लागणार किंवा दाबावे लागणार, यावाचून इलाज नाही. जुन्या पद्धतीत संकेताचे पडद्यावरील उजेडात रूपांतर करणारा एकच वक्र संपूर्ण चित्रपटाला लावला जाई आणि त्यामुळे एकतर ढगांतील तपशील जळून पांढरे होत किंवा घरातील दृश्ये संध्याकाळ झाल्यासारखी मंद दिसत. डिस्कवरील मेटाडेटावर (चित्रपटाच्या उजळपणाविषयी सोबत दिलेल्या माहितीवर) विसंबून राहावे, तर तो पुष्कळदा अपुरा किंवा चुकीचा असतो.

जेव्हीसीचे उत्तर ‘फ्रेम अॅडॉप्ट एचडीआर’ हे आहे. यात प्रोजेक्टर डिस्कच्या मेटाडेटावर न थांबता प्रत्येक फ्रेममधील सर्वांत उजळ भाग स्वतः मोजतो आणि त्या फ्रेमपुरता वक्र ठरवतो. सोबतचा ‘थिएटर ऑप्टिमायझर’ पडद्याचा आकार, गेन आणि लेझरची पातळी विचारात घेतो. म्हणून मेन्यूमध्ये पडद्याची खरी मापे भरणे आवश्यक आहे आणि बसवून देणारा माणूस हे काम विसरून गेला असण्याची शक्यता मोठी असल्याने मालकाने ते स्वतः तपासावे. परिणाम खरोखर प्रभावी आहे. अंधाऱ्या खोलीतील संवादाचे दृश्य असेल, तर यंत्र उपलब्ध प्रकाश त्या दृश्यातील चेहऱ्यांना देऊ करते. पुढच्याच शॉटमध्ये बर्फाळ डोंगरावर ऊन आले, तर वरचा भाग हळुवार दाबते आणि बर्फातील रेषा शाबूत राहतात. हा बदल होताना दिसत नाही, हे त्याचे मोठे यश मानावे लागेल. कसोटी लागते ती खिडकीकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाच्या शॉटमध्ये. तेथे बाहेरचे आकाश सांभाळावे, तर चेहरा अपेक्षेपेक्षा गडद होतो आणि चेहरा उजळावा, तर आकाश फिके पडते. ‘एचडीआर लेव्हल’ स्वयंचलित ठेवण्याऐवजी एक पायरी वर नेल्यास माझ्या डोळ्यांना समतोल अधिक पटला, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार या यंत्रात नाही. एचडीआर१०+ हा दुसरा प्रकार आहे. डॉल्बी व्हिजनच्या डिस्कमध्ये साध्या एचडीआर१०चा थर असतोच आणि फ्रेमगणिक मोजमाप चालू असल्यामुळे ही उणीव व्यवहारात फारशी खुपत नाही. ल्युमाजेन किंवा मॅडव्हीआर यांची बाहेरची प्रक्रियायंत्रे जोडून याहूनही बारीक काम करून घेता येते, परंतु त्यांची किंमत एका चांगल्या प्रोजेक्टरएवढी असते, आणि एनझेड८चे अंगभूत काम पाहता तो खर्च प्रथम खोलीवर करणे शहाणपणाचे ठरेल.

लेझरमुळे मिळालेली दुसरी सोय म्हणजे दृश्यानुसार प्रकाश कमी-जास्त करणे. जुन्या दिव्यांच्या प्रोजेक्टरांत हे काम हलणारे आयरिस करीत असे आणि त्याला वेळ लागे. लेझर जवळजवळ तत्काळ मंदावतो. फ्रेम पूर्ण काळी झाली की लेझर विझतो, आणि जाहिरातीत ‘अनंत’ कॉन्ट्रास्ट लिहिण्याची सोय त्यामुळेच झाली आहे. या आकड्याकडे दुर्लक्ष करावे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी श्रेयनामावली वर सरकू लागली, किंवा गडद दृश्यात सबटायटल उमटून नाहीसे झाले, की प्रकाशाची पातळी हलल्याचे जाणकार डोळ्याला कळते. एकदा कळले की पुढे ते सतत कळत राहते. यंत्राचा मूळ कॉन्ट्रास्ट इतका चांगला आहे, की हा स्वयंचलित खेळ सौम्य पातळीवर ठेवून किंवा पूर्ण बंद करूनही चित्रात उणेपणा येत नाही. ज्या यंत्रांचा मूळ कॉन्ट्रास्ट दुबळा असतो, त्यांना ही मोकळीक नसते.

८के विषयी थोडक्यात. एनझेड८मधील ई-शिफ्टएक्स हे तंत्र प्रत्येक पिक्सेल चार दिशांना अर्ध्या पिक्सेलने सरकवून ८१९२ गुणिले ४३२० चा आभास निर्माण करते. हिशेब साधा आहे : १२० इंची पडद्याची रुंदी सुमारे २.६६ मीटर आहे, तिच्यावर १६:९ चित्राचे ३८४० पिक्सेल बसले म्हणजे एक पिक्सेल ०.७ मिलिमीटरचा झाला, आणि साडेतीन मीटरवर बसलेल्या निरोगी डोळ्यांच्या माणसाला सुमारे १ मिलिमीटरहून लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही. जे ४केचेच टोक आपल्याला दिसत नाही, त्याच्या पुढचे ८के कसे दिसणार? शिवाय ८केमधील चित्रपटांच्या डिस्क अस्तित्वात नाहीत. ई-शिफ्ट चालू केल्यावर तिरक्या रेषा थोड्या मऊ होतात एवढाच फरक जवळ जाऊन पाहिल्यावर सापडला. चित्र धारदार वाटते ते तीन पॅनेल नीट जुळलेले असणे आणि लेन्स चांगली असणे या दोन कारणांमुळे. लेन्स ६५ मिलिमीटर व्यासाची, १५ गटांतील १७ भिंगांची आणि संपूर्ण काचेची आहे. फोकस मध्यभागी नेमका केल्यावर कोपऱ्यांतील मजकूरही वाचता येतो. एनझेड९ला मिळालेली १०० मिलिमीटरची लेन्स याहून सरस आहे यात शंका नाही, पण ती १० हजार डॉलर जास्त देण्याइतकी सरस आहे असे १२० इंची पडद्यावर तरी म्हणवत नाही.

रंगांच्या बाबतीत प्रथम कृष्णधवल चित्रपट लावून पाहावा असा माझा सल्ला असतो. जुन्या मराठी कृष्णधवल चित्रपटांच्या सहज मिळणाऱ्या प्रती बहुधा कमी रिझोल्यूशनच्या असतात आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर त्यांचे ओरखडे ठळक होतात, तरीही करड्या छटांमध्ये कोठे गुलाबी किंवा हिरवट झाक येते का, हे तपासायला त्यांच्याइतके प्रामाणिक साधन नाही. एनझेड८ पेटीतून काढल्याबरोबर या परीक्षेत ठीक उतरतो. कंपनीच्या मोफत ऑटोकॅल सॉफ्टवेअरने आणि स्पायडर या रंगमापक सेन्सरने कॅलिब्रेशन केल्यावर तो उत्तम उतरतो. फॉस्फरवर आधारलेल्या लेझर यंत्रांत लाल रंग हा नेहमीचा कच्चा दुवा असतो. फिल्टरशिवाय पाहिल्यास एचडीआर दृश्यांतील अतिगडद लाल रंग किंचित शेंदराकडे झुकतो. सिनेमा फिल्टर लावला की डीसीआय-पी३ हा चित्रपटांचा रंगपट्टा जवळजवळ पूर्ण भरतो, पण त्याची भरपाई प्रकाशात करावी लागते. १०० इंची पडद्यावर मी फिल्टर निःशंकपणे वापरेन. १३५ इंचांवर वापरणार नाही. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेच्या छटा मात्र दोन्ही स्थितींत सुरेख येतात. लग्नाच्या ४के चित्रीकरणात हळदीने माखलेला हात आणि त्याखालची त्वचा यांतला भेद टिकून राहिला. अनेक प्रोजेक्टर तेथे सरसकट पिवळा रंग फासतात.

हालचालीत हा प्रोजेक्टर सामान्य आहे. २४ फ्रेमचे चित्रपट नैसर्गिक वाटतात, परंतु क्रिकेटच्या प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे धावतो, तेव्हा गवताचा पोत पुसट होतो. ‘क्लिअर मोशन ड्राइव्ह’ ही मधल्या फ्रेम भरणारी सोय कमी पातळीवर ठेवल्यास सामना सुसह्य होतो आणि उच्च पातळीवर ठेवल्यास चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. खेळ हेच मुख्य आकर्षण असेल, तर निम्म्याहून कमी किमतीत एप्सनचा एलएस१२००० घ्यावा : २७०० ल्युमेन, मोटारयुक्त लेन्स, आणि दिवे पूर्ण न मालवताही चालणारे चित्र. त्याचे पॅनेल मुळात १९२० गुणिले १०८० चे असून पिक्सेल सरकवून ते ४के करतात, पण सामन्यात ते कोणाच्या लक्षात येणार नाही. सोनीचा २०२२ मधील एक्सडब्ल्यू५००० मूळ ४के देतो, त्याचे चित्र नेटके आणि स्वच्छ आहे. मात्र काळोखात तो जेव्हीसीला गाठत नाही आणि त्याची लेन्स हाताने फिरवावी लागत असल्याने सिनेमास्कोप पडद्यासाठी लेन्स मेमरी (लेन्सची ठरवलेली स्थिती साठवण्याची सोय) मिळत नाही.

खोलीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. पुण्या-मुंबईच्या बहुतेक फ्लॅटमधील दिवाणखान्यात पीओपीचे पांढरेशुभ्र फॉल्स सीलिंग, फिक्या भिंती आणि चकाकत्या व्हिट्रिफाइड टाइल असतात. पडद्यावरचा प्रकाश या सर्व पृष्ठभागांवर आदळून परत पडद्यावर येतो आणि उजळ-गडद मिश्रित दृश्यांतील कॉन्ट्रास्ट शंभराच्याही खाली जातो. अशा खोलीत ८०,०००:१ चे यंत्र आणि ५०००:१ चे यंत्र यांतला फरक केवळ जवळजवळ पूर्ण काळ्या दृश्यांत उरतो, आणि अशी दृश्ये चित्रपटात मोजकीच असतात. छताचा पडद्यालगतचा दीड-दोन मीटर भाग आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचे तेवढेच पट्टे गडद, मॅट रंगाने रंगवणे किंवा त्यांवर सरकणारे काळे पडदे लावणे याला प्रोजेक्टरच्या किमतीच्या तुलनेत नगण्य खर्च येतो. घरातील मंडळींची त्याला तयारी नसेल, तर एनझेड८चा विचार सोडून द्यावा हेच बरे. अंतराचेही गणित आहे : १२० इंची पडद्यासाठी हा प्रोजेक्टर साधारण ३.७ ते ७.४ मीटरवर बसतो, जवळ बसवल्यास प्रकाश जास्त मिळतो आणि लांब बसवल्यास कॉन्ट्रास्ट. १२-१३ फुटांच्या खोलीत ही निवड उरतच नाही. वजन २३ किलोच्या आसपास असल्याने फॉल्स सीलिंगच्या सांगाड्याला तो टांगू नये. वरच्या स्लॅबमध्ये अँकर ठोकावेत. लेझर उच्च पातळीवर असताना पंख्याचा आवाज शांत दृश्यांत ऐकू येतो, मध्यम पातळीवर तो विसरून जाता येतो.

उत्तराधिकारी एनझेड८००ची प्रखरता २७०० ल्युमेन आणि मूळ कॉन्ट्रास्ट १,००,०००:१ आहे. प्रकाशातील ८ टक्क्यांची वाढ डोळ्यांना कळत नाही. त्याचे सुधारलेले टोन मॅपिंग (एचडीआर संकेत पडद्याच्या आवाक्यात बसवणे) मात्र गडद दृश्यांत कळते. माझ्या मते एनझेड८ला खरे आव्हान आले ते २०२४ मध्येच, तेव्हा सुमारे ९ हजार डॉलर किमतीला, जाहीर झालेल्या एनझेड७००कडून. त्यातही ८०,०००:१ चा मूळ कॉन्ट्रास्ट आहे, २३०० ल्युमेन आहेत आणि टोन मॅपिंगची नवी आवृत्ती आहे. वगळलेल्या गोष्टी म्हणजे ८केचा आभास, ४केमधील १२० फ्रेमचा संकेत, रंगांचा फिल्टर आणि लेन्स सरकवण्याचा मोठा पल्ला. गेमिंगची हौस नसेल आणि प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ बसवता येत असेल, तर नवा एनझेड८ पूर्ण किमतीत घेण्याचे समर्थन आता करता येत नाही. आयात शुल्क आणि करांमुळे भारतातील किंमत डॉलरच्या आकड्यापेक्षा बरीच वर जाते, हेही हिशेबात धरावे.

वापरलेला एनझेड८ रास्त किमतीत मिळत असेल, तर मात्र तो जरूर पाहावा. पाहायला जाताना विक्रेत्याने निवडलेल्या झगमगीत दृश्यांवर समाधान मानू नये. माहितीच्या मेन्यूमध्ये लेझरचे तास बघावेत. स्वयंचलित लेझर नियंत्रण बंद करून पूर्ण काळी फ्रेम लावावी आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. डी-आयएलए यंत्रांत कोपरे किंचित उजळ असू शकतात आणि सिनेमास्कोप चित्रपटाच्या काळ्या पट्ट्यांत ते खटकतात. मग काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढऱ्या रेषांची जाळी लावून चारही कोपऱ्यांत रेषांच्या कडेला लाल किंवा निळी किनार दिसते का ते जवळून पाहावे. थोडी किनार मेन्यूतील पिक्सेल जुळणीने दूर होते, परंतु एका कोपऱ्यात एका बाजूला आणि दुसऱ्यात विरुद्ध बाजूला सरकलेली किनार विभागवार जुळणी करूनही पूर्ण जात नाही, आणि असे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.